चालत नाही

"पेनिसिलिन चालत नाही, म्हणजे नेमकं काय झालं होतं?"

संसर्गरोगांच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी सकाळच्या फेरीत अगदी सहज विचारलं. उत्तर द्यायला खाटेवर आडव्या पडलेल्या तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आत उत्तर नव्हतं. चालत नाही, एवढंच जिभेवर कायम तयार असायचं. त्याच्या मागे काय आहे हे बघायला ती कधी गेलीच नव्हती. खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली सिस्टर डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होती, कारण हा प्रश्न विचारायला तिनेच त्या सिस्टरला शिकवलं होतं. पेशंट म्हणाला अमुक चालत नाही, की मान डोलावून, लिहून मोकळं व्हायचं नाही. काय झालं ते विचारायचं, कधी झालं ते विचारायचं, आणि कोणी पाहिलं ते तर विचारायचंच विचारायचं. लोक काय, काहीही सांगतात. एकाला पेनिसिलिनने जुलाब झाले म्हणून चालत नव्हतं. ती ॲलर्जी नव्हे, ते पोट. एकीचं डोकं दुखलं होतं. एका गृहस्थांना तर स्वतःला काहीच झालं नव्हतं, त्यांच्या काकांना चालत नव्हतं. काकांची जमीन पदरात पडली नाही, पण ॲलर्जी मात्र त्यांनी वारसाहक्काने घेतली होती. हे सांगून ती दर वर्षी नव्या सिस्टरांच्या वर्गाला हसवत असे. ॲलर्जी असलेल्यांच्या मनगटावर या हॉस्पिटलात लाल पट्टी बांधतात, आणि अशा कितीतरी खोट्या पट्ट्या तिने स्वतःच्या हाताने कापल्या होत्या. तिच्या मनगटावरची लाल पट्टी मात्र दाखल होताना तिनेच लिहून, तिनेच बांधून घेतली होती. अक्षर स्वच्छ, टपोरं. पेनिसिलिन चालत नाही.

"लहानपणी झालं होतं," ती शेवटी म्हणाली.

"काय झालं होतं?"

"ते आईला विचारावं लागेल."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे तिला बरं वाटलं. हसल्या असत्या तर तिने ते मनात ठेवलं असतं.

तिला असल्या गोष्टी मनात ठेवायची सवय होती. या हॉस्पिटलच्या औषध विभागाची ती प्रमुख. पाठीमागे तिला सगळे 'चाळणी' म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. डॉक्टरने काहीही लिहून पाठवलं तरी ते तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पेशंटपर्यंत पोचत नसे. भल्याभल्या सर्जनांना तिने फोन करून विचारलं होतं, की साहेब, सर्दीला हे एवढं भारी औषध कशासाठी, माशी मारायला तोफ? खोटं बोललेलं तिला एका वाक्यात कळायचं. 'पेशंटने गोळ्या वेळेवर घेतल्या' या वाक्यातला आवाज जरा जास्त गुळगुळीत झाला की ती म्हणायची, परत विचारा. आणि आता तीच खाटेवर आडवी होती, हिरवट चादर छातीपर्यंत ओढून, खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य चाळणीतून न जाता थेट आत जाऊन बसलेलं निघालं होतं. लाज वाटली का? लाज नाही वाटली. चीड आली. आपल्याच घरात राहणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, तशी.

दुखणं साधं वाटलं होतं. संध्याकाळचा बारीक ताप, घाम, कपडे सैल व्हायला लागले. काम फार झालं असेल म्हणून तिने महिनाभर अंगावर काढलं, म्हणजे जे करू नका म्हणून ती लोकांना सांगते तेच केलं. मग रक्त तपासलं तर रक्तात जंतू वाढले, हृदय तपासलं तर डाव्या बाजूच्या झडपेवर त्यांनी घरटं बांधलेलं. ती झडप जुनीच दुखावलेली होती. कॉलेजात भरती होताना तपासणाऱ्या डॉक्टरने स्टेथोस्कोप ठेवून भुवया उंचावल्या होत्या, थोडी गळते आहे म्हणाला होता, आणि मग वर्षानुवर्षं ती आपली थोडी गळतच राहिली, कोपऱ्यातल्या नळासारखी, कुणाला त्रास न देता. जंतूचं नाव एन्टरोकॉकस. हे नाव ऐकलं तेव्हाच तिने मनात पुढचा सगळा हिशेब मांडला होता, कारण हा जंतू तिच्या वर्गात 'हट्टी जावई' म्हणून प्रसिद्ध होता. सगळ्यांनी मिनतवाऱ्या करायच्या आणि याने एकाचंच ऐकायचं.

"दोन वाटा आहेत, मॅडम," डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "तुम्हाला मी काय सांगणार. पण पेशंट म्हणून ऐकून घ्या."

"ऐकते."

"सरळ वाट म्हणजे ॲम्पिसिलिन. सोबत सेफ्ट्रिॲक्सोन. सहा आठवडे शिरेतून. ॲम्पिसिलिन पेनिसिलिनच्या घरातलं, आणि ते तुम्हाला चालत नाही. सेफ्ट्रिॲक्सोन एकटं दिलं तर..."

"या जंतूपुढे नांगी टाकतं."

"बरोबर. म्हणजे मग दुसरी वाट. व्हॅन्कोमायसिन आणि जेन्टामायसिन. तुमचं मूत्रपिंड आधीच काठावर आहे. दोन्ही औषधं मूत्रपिंडावर चढणारी."

"आणि कान."

"आणि कान," डॉक्टर म्हणाल्या. "आज दुपारपर्यंत मला ठरवायला हवं. त्या झडपेवर तो बसून राहिला तर उद्या झडपेलाच सर्जनकडे न्यावं लागेल. म्हणून विचारलं, नेमकं काय झालं होतं."

त्या गेल्यावर ती बराच वेळ ऐकत पडली. कान आहेत तोवर ऐकून घ्यावं, असं काही नव्हतं, पण ऐकलं. बाहेर औषधांची ट्रॉली चालली होती, तिचं पुढचं डावं चाक तेल मागत होतं. कुणीतरी बाटली हलवली आणि गोळ्या मोठ्या आहेत, लेप असलेल्या आहेत, बाटली अर्ध्यावर आली आहे हे तिला कळलं. तिचं निम्मं काम कानांवर चालायचं. जेन्टामायसिनने मूत्रपिंड रुसतं, पण पुष्कळदा समजूत काढली की परत बोलायला लागतं. कान एकदा गेला की गेला. आधी शिट्टी वाजते, मग वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे पाखरं, लहान मुलं, आणि म्हाताऱ्या बायका. आईचा आवाज पार वरच्या पट्टीतला होता. आईला आता दिसत नव्हतं, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. दुसऱ्या गावात भावाकडे राहायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. त्या दोघींमध्ये आता फोनशिवाय काही उरलं नव्हतं. एकीचे डोळे गेलेले, दुसरीचे कान जायचे. मग दोघींनी एकमेकींना काय पत्रं लिहायची?

पण हेही खरं, की घाबरणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने आयुष्य दुय्यम औषधांवर काढलं होतं, आणि ठणठणीत काढलं होतं. इतर माणसं आपलं आयुष्य घरं, नोकऱ्या, माणसं यांच्यावरून आठवतात. तिला ते औषधांवरून आठवत असे. कॉलेजात घसा धरला तेव्हा एरिथ्रोमायसिन, आणि पोटात अशा कळा की परीक्षेच्या हॉलमध्ये बाकाची कड दातांनी धरावीशी वाटली होती. ती कळ अजून तिला मॅक्रोलाइड हे त्या औषधाच्या घराण्याचं नाव उच्चारलं की बेंबीच्या डाव्या बाजूला आठवते. पहिल्या नोकरीत, गळवं झाली तेव्हा डॉक्सिसायक्लिन. रात्री घोटभर पाण्याबरोबर गिळून ती तशीच आडवी झाली आणि गोळी अन्ननलिकेत अडकून असं भाजलं की चार दिवस पाणीही चावून गिळावं लागलं. तेव्हापासून तिच्या विभागातून ही गोळी जाते तेव्हा सोबत तंबी जाते, की भरपूर पाणी, आणि नंतर अर्धा तास उभं नाहीतर बसून, मग भले छताकडे बघत बसा. लघवीच्या त्रासाला सिप्रोफ्लॉक्सासिन, आणि टाचेमागची जाड शीर अशी दुखली की जिने चढताना कठड्याला मिठी. दात काढताना क्लिन्डामायसिन, आणि त्यानंतरचे दिवस ज्या खोलीत गेले त्या खोलीबद्दल सभ्य माणसाने बोलू नये. पण या सगळ्यातून तिला शिकवता आलं. पुस्तकातून शिकलेले लोक दुष्परिणामांची यादी म्हणतात; तिने त्यातल्या पुष्कळांशी संसार केला होता. "जंतू मारणं सोपं आहे," ती वर्गात म्हणायची, "माणसाला ठेवून जंतू मारणं अवघड. सगळी औषधं ही खानदानं आहेत. प्रत्येक घराचा एक गुण, एक खोड. पेनिसिलिन म्हणजे थोरलं घर, जुनं, सज्जन, जंतूची भिंतच बांधू देत नाही. सेफॅलोस्पोरिन ही त्यांची चुलत भावंडं, तोंडवळा थोडा सारखा म्हणून लोक उगाच भितात." आणि या थोरल्या घराबद्दल ती फार प्रेमाने बोलायची. ज्या घरात आपल्याला कधी जाता आलं नाही, त्याच्याबद्दल माणूस बोलतं तसं.

चालत नाही. तिने तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. पाय चालतात, घड्याळ चालतं, दुकान चालतं, आणि माणसाला गोष्टी चालतात किंवा चालत नाहीत. तिच्या लहानपणच्या घरात हे वाक्य आईचं होतं. वडील कमी बोलत. काय चालतं आणि काय चालत नाही हे आई जाहीर करायची. उशिरा उठणं चालत नाही, उष्ट्या हाताने दाराची कडी चालत नाही, मोठ्यांना उलटून बोलणं तर मुळीच चालत नाही. आणि त्याच दमात, हिला पेनिसिलिन चालत नाही. शाळेत नाव घालताना सांगितलं, सहलीला सोडताना बाईंना सांगितलं, शेजारणीकडे तासभर ठेवायचं तरी सांगितलं, जणू शेजारीण येता-जाता पेनिसिलिन टोचते. पुढे एक-दोन स्थळं आली, त्यांनाही चहाच्या आधी सांगितलं. लग्न काही जमलं नाही. तिनेच जमू दिलं नाही, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. आई मात्र लोकांना अजून तसंच सांगते, "लग्न काही तिला चाललं नाही हो." म्हणजे तेही त्याच यादीत, पुरळ उठल्यासारखं.

तिने फोन उचलला. आई या वेळी जेवायला बसलेली असायची, पण आज थांबता येणार नव्हतं. भावाने फोन उचलला, ताप कसा आहे विचारलं, आणि आईच्या हातात दिला.

"चिमे? अवेळी गं? बरी आहेस ना?"

जगात तिला चिमी म्हणणारं आता एकच माणूस होतं.

"बरी आहे. आई, मला सांग, मला पेनिसिलिनने काय झालं होतं? लहानपणी?"

"काय झालं होतं म्हणजे?"

"पुरळ आलं होतं, सूज आली होती, श्वास लागला होता? नेमकं काय?"

पलीकडे आई हसायला लागली. खुदूखुदू, पदर तोंडाला लावून हसावं तशी.

"अगं तुला काय झालं असणार! काही नाही झालं. ती मी मारलेली थाप होती."

"काय?"

"तुझे गुडघे सुजायचे बघ, आज हा, उद्या तो, मग मनगट. शाळा बुडाली होती. तर त्या डॉक्टरांनी इंजेक्शनं लावली, दर तीन आठवड्यांनी एक. वर्षानुवर्षं घ्यायची म्हणाले. आणि ते इंजेक्शन म्हणजे काय, पांढरं, दाट, खळीसारखं. सुई ही एवढी जाड. तू अशी ओरडायचीस, अशी ओरडायचीस, की कंपाउंडरच्या हाताला कंप सुटायचा. दोन दिवस नीट बसता यायचं नाही तुला. आदल्या दिवसापासून जेवायची नाहीस. मी मांडीवर तुला दाबून धरायची, आणि तू माझ्याकडे बघायचीस, की तूसुद्धा? एकदा काय केलं, आत गेले आणि म्हटलं, डॉक्टर, हिच्या अंगावर लाल लाल पुरळ येतं याने. हिला हे चालत नाही. झालं! डॉक्टरांनी ताबडतोब बंद केलं, घाबरलेच ते, आणि सल्फाच्या गोळ्या लिहून दिल्या. आपण दोघी बाहेर आलो तर तू उड्या मारत होतीस. तुझ्या वडिलांनासुद्धा मी हे कधी सांगितलं नाही. बघ म्हटलं, शिकलेले डॉक्टर, पण आईपुढे काय चालणार?"

"आणि गोळ्या?"

"घेतल्यास की थोडे दिवस. मग गुडघे थांबले, मग कुठल्या गोळ्या. बरं झालेल्या पोरीला कोण औषध देतं?" आई अजून हसत होती. "तुला काय, तुला ते चालतही असेल. मलाच चालत नव्हतं."

आपण काय बोललो ते तिला नंतर आठवलं नाही. बहुतेक 'बरं' म्हणाली. बहुतेक 'जेव आता' म्हणाली. फोन उशीजवळ ठेवला आणि पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली.

इतरांना कदाचित ही एक गमतीची गोष्ट वाटली असती. तिला ती गोष्ट एका दमात, शेवटपर्यंत वाचता आली. हीच तर तिची विद्या होती. घसा दुखतो, लेकरू दोन दिवस खोकतं, आणि शरीर त्या घशातल्या जंतूशी लढता लढता चुकून स्वतःच्याच सांध्यांवर, स्वतःच्याच हृदयावर हात उचलतं. सांधे बरे होतात. झडपा लक्षात ठेवतात. परत घसा आला की परत मार, आणि तो मार चुकावा म्हणूनच ते खळीसारखं दाट पेनिसिलिन, जे स्नायूत बसून आठवडेच्या आठवडे राखण करतं. ती राखण आईने उठवली. गोळ्यांची राखण आपोआप उठली. मग घसा आला असेल, एकदा, अनेकदा, आणि झडप गळायला लागली. आणि गळक्या झडपेवर आज तो हट्टी जावई येऊन बसला. आणि तो ज्याचं ऐकतो ते औषध त्याच थापेमुळे मनगटावरच्या लाल पट्टीत बंद होतं. एकाच वाक्याने दुखणंही आणलं आणि दुखण्यावरचं औषधही अडवलं. वर्गात सांगायला याहून चोख उदाहरण तिला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि हे उदाहरण आपण कधीही सांगणार नाही हेही तिला त्याच क्षणी कळलं.

राग आला. तो तिने येऊ दिला. भिंतीकडे तोंड करून तिने दात आवळले आणि मनात आईला म्हणाली, एवढंसं सुईचं दुखणं तुला बघवलं नाही. एवढंसं! हजारो आया पोरांना मांडीवर दाबून धरतात, डोळे मिटतात आणि धरतात. तुलाच तेवढं कसं चालत नव्हतं? पण राग वर चढत असताना खालून ती खोलीही वर आली. दवाखान्याची ती आतली खोली, जिला निम्म्यापर्यंत हिरवा रंग मारलेला होता, स्पिरिटचा वास, स्टोव्हवर उकळणाऱ्या पातेल्यात सुया एकमेकींवर आपटल्याचा बारीक आवाज. तो आवाज तिने कितीतरी वर्षं ऐकला नव्हता आणि तो आत जसाच्या तसा होता. आईची मांडी. आईचा हात तिच्या पाठीवर, घट्ट, आणि तो हात थरथरत होता. आपण रडतोय म्हणून आपणच थरथरतोय असं तेव्हा वाटलं होतं. आणि मग एक दिवस बाहेरचं ऊन, आणि आईने धावायला लावलं होतं, खरोखर दोघी धावल्या होत्या, चोरी करून पळावं तशा, कोपऱ्यापर्यंत, आणि कोपऱ्यावर थांबून आई हसून हसून भिंतीला टेकली होती. आईला धावताना तिने आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं होतं. इतकी वर्षं तो दिवस तिच्याकडे होता, फक्त तो कशाचा दिवस होता हे माहीत नव्हतं. आता कळलं, आणि राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या धावण्यावर तो ठेवता येईना.

तिने बेल वाजवली. "डॉक्टरांना सांग," सिस्टरला म्हणाली, "काहीही झालं नव्हतं. पाहणारं माणूस भेटलं. तपासून घ्या आणि सुरू करा."

रीतसर तपासलं. आधी हातावर त्वचेत बारीकसं टोचून बघितलं, काही उठलं नाही. मग पेनिसिलिनच्याच घरातल्या अमॉक्सिसिलिनची साधी कॅप्सूल, आणि तासभर नजरेखाली. शेजारच्या ट्रेमध्ये, श्वास कोंडलाच तर टोचायला, ॲड्रेनालिन तयार ठेवलं होतं. तिने ट्रे जवळ ओढून त्याच्यावरची तारीख स्वतः वाचली तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "चाळणी ती चाळणीच," असं त्या पुटपुटल्या, आणि मग जीभ चावली.

"असू दे," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

कॅप्सूल गिळली. थोरल्या घराचा उंबरठा ओलांडला म्हणायचा. सगळं ठाऊक होतं, थाप ठाऊक होती, थाप मारणारीच्या तोंडून ऐकली होती. आणि तरी थोड्या वेळात तिची मान खाजायला लागली. मग डावा दंड. मग जीभ जाड झाल्यासारखी वाटली, ओठ सुजल्यासारखे वाटले. डोकं सांगत होतं की हे काही नाही. कातडी म्हणत होती की मला पन्नास वर्षं वेगळं सांगितलंय. आईने सांगितलंय. तिने आरसा मागवला. सिस्टरने आपल्या पर्समधला इवलासा आरसा दिला, आणि त्यात तिने तुकड्यातुकड्याने स्वतःला पाहिलं: मान, कोरी. ओठ, तसेच. जीभ, जरा पांढरी, पण ती तापाची. घाबरलेले दोन डोळे. तिला एकदम हसू आलं. औषध विभागाची प्रमुख, जिच्यापुढे सर्जन शब्द जपून वापरतात, ती एका कॅप्सूलपुढे पोर झाली होती, आणि या वेळी मांडीवर धरायलाही कोणी नव्हतं. तिने स्वतःचा हात स्वतःच्या मनगटावर घट्ट ठेवला आणि बसली. खाज आली तशी गेली. तास भरला तेव्हा डॉक्टरांनी तिचे हात, पोट, पाठ बघितली आणि म्हणाल्या, "चालतं."

पट्टी कापायला सिस्टरने कात्री आणली. तिने कात्री मागून घेतली आणि आपली आपण कापली. खाली मनगटावर एक फिकट कडं उरलं. मग ॲम्पिसिलिनची पहिली बाटली लागली, आणि ते थोरल्या घरचं औषध थेंबाथेंबाने तिच्या हातातून आत शिरलं, सावकाश, पाहुणचार घेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन नेहमीच्या वेळेला आला. ताप उतरायला अजून अवकाश होता, पण तिला भूक लागली होती, आणि भूक म्हणजे निम्मं जिंकलं. आवाज ऐकताच तिला कळलं की आई हसत नाहीये.

"चिमे, दादाने त्या डॉक्टरबाईंना फोन केला होता. त्यांनी सगळं समजावून सांगितलं त्याला."

"काय सांगितलं?"

"की ती झडप आताची नाही, लहानपणची आहे. गुडघ्यांच्या दुखण्यातली." आई थांबली. "आणि तुला पेनिसिलिन चालतंय."

"चालतंय. मस्त चालतंय."

"चिमे." वरच्या पट्टीतला तो आवाज एकदम खाली आला होता. "ती इंजेक्शनं गुडघ्यांसाठी नव्हती का गं? ती झडपेसाठी होती?"

खिडकीतल्या टाकीवर कावळा बसला होता. ती त्याच्याकडे बघत होती. चोख उत्तर तिच्याकडे होतं. आयुष्यभर तिने चोख उत्तरंच दिली होती, सर्जनांना दिली होती, मरायला टेकलेल्यांच्या नातेवाइकांना दिली होती, आणि अर्धवट खरं बोलणाऱ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. पलीकडे आई श्वास रोखून होती. त्या न दिसणाऱ्या डोळ्यांपुढे आता काय आलं असेल? हिरवी खोली. मांडीवरची पोर. तूसुद्धा?

"आई, ऐक," ती म्हणाली. "काल मी विचारलं ते नुसतं ताडून बघायला. तुझी थाप ती थाप नव्हती."

"म्हणजे?"

"पुरळ आलं होतं मला. शेवटच्या इंजेक्शननंतर."

"पण मी तर ते मनाचं..."

"तू मनाचं सांगितलंस. पण मला आलं होतं. मी तुला सांगितलं नाही, परत दवाखान्यात नेशील म्हणून. पुढचं इंजेक्शन घेतलं असतं तर श्वास कोंडून गेले असते मी."

अगदी हळू आईने विचारलं, "कोणी पाहिलं होतं?"

तिसरा प्रश्न. ही बाई वर्गात बसली असती तर पहिली आली असती.

"मी," ती म्हणाली. "पोटावर होतं. लाल लाल."

"मग आता कसं चालतं?"

"वय वाढलं की ही ॲलर्जी पुष्कळांची जाते. पुस्तकात आहे." एवढ्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच वाक्य खरं होतं, आणि तेच तिला जरा घाईने बोलावं लागलं.

"म्हणजे मी बरोबर केलं."

"अगदी बरोबर केलंस."

पलीकडून लांब श्वास सुटला. "अंधारात मारलेला दगड बरोबर बसला म्हणायचा," आई म्हणाली, आणि आवाज परत वर, आपल्या जागी गेला. त्यातली प्रत्येक बारीक चिरसुद्धा तिला ऐकू येत होती. जेवलीस का, काय देतात, उशी उंच आहे का, हे सगळं झालं. फोन ठेवताना आई म्हणाली, "चिमे, आठवतं का, आपण धावलो होतो त्या दिवशी."

"आठवतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत.

फोन खाली ठेवला आणि वळून बघितलं, तर खाटेशी सिस्टर उभी. पांढरीफटक. तिचं बोट सलाइनच्या नळीवरच्या चाकावर होतं, औषध बंद करायच्या तयारीत.

"मॅडम, पुरळ आलं होतं? लहानपणी? पोटावर? श्वास...?"

"हात काढ आधी तिथला."

"पण तुम्हीच आत्ता फोनवर म्हणालात..."

"नव्हतं आलं. काहीही नव्हतं आलं."

"मग?"

"ते आईला सांगायचं होतं," ती म्हणाली. "तिला दुसरं चालत नाही."

सिस्टरने चाकावरचं बोट काढून घेतलं, आणि औषध चालू राहिलं.